पूर्ण वाक्यात

समास डावीकडे, दोन बोटं. तारीख वर.
पाच ओळी शुद्धलेखन, मग पाळीनं फळा पुसायचा.
उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं.
हा नियम माझाच, जूनमधला,
पत्रे तापलेले असताना केलेला.

सातवी ब. घरी तेलुगू, कन्नड, दखनी;
मराठी माझ्या तासापुरती.
भिंतीपलीकडे माग खटखटतात,
ऱ्हस्व-दीर्घ ओरडून सांगावं लागतं.

काल लावण्या कोंगारीला विचारलं,
गृहपाठ का नाही?
"विड्या."
पूर्ण वाक्यात, मी म्हटलं. सवयीनं.

ती उभी राहिली. थोडा वेळ कर्ता शोधत होती.
"आईचं बोट कात्रीनं कापलंय,
म्हणून राहिलेल्या चारशे विड्या मी वळल्या, बाई."

चूक एकही नव्हती.
मी फळ्यावरची तारीख पुसली,
पुन्हा लिहिली. तीच.