रेक्झिन पीत नाही

तेल लावू नका, मी सांगते. रोज सांगते.
एर्मोसियोच्या या रस्त्यावर, मेस्किते झाडाच्या फाटक्या सावलीत
बावीस वर्षं गाड्यांच्या गाद्या पुसतेय,
तरी कोणी ना कोणी बाटली घेऊन येतोच:
खोबऱ्याचं, बाळाला चोळायचं,
एकदा तर तळणीचं उरलेलं.
अहो, चामडं कधीतरी जनावर होतं,
त्याला तहान असते.
रेक्झिन पीत नाही.
वर ओताल ते वरच राहतं
आणि धूळ त्यावर मुक्कामाला येते.

कोमट पाणी. भांड्यांचा साबण, नखावर मावेल इतका.
मऊ फडकं, पिळून पिळून जवळजवळ कोरडं.
शिवणीत जुना टूथब्रश, आडवा नाही,
शिवणीच्या वाटेनं.
मग दुसरं फडकं, लगेच,
कारण इथलं ऊन साध्या थेंबाचाही डाग करून ठेवतं.
ब्लीच नाही. नेलपॉलिश पुसायचं ते तर मुळीच नाही.
एकीनं लावलं होतं: रंग तिच्या बोटांवर आला,
गादी पांढरी पडली, नवरा लाल.

जूनमध्ये बंद गाडीत पट्ट्याचं बक्कल चटका देतं,
तेव्हा रेक्झिनमधून काहीतरी निघून जात असतं.
दिसत नाही. काचेवर आतून धुरकट थर बसतो तेवढाच.
ते त्याचं मऊपण.
परत घालता येत नाही.
म्हणून काचेमागे पुठ्ठा लावा, चंदेरी कागद, जुनी चादर, काहीही.
उरलंय ते राखायचं. माझा धंदा एवढाच.

शनिवारी फाउस्तिनो टॅक्सीवाला आला.
गाडी विकतोय, म्हणाला,
पुढची उजवी गादी नव्यासारखी करून दे.

शिवणीत गूळ होता.
एउलालिया सिग्नलवर कोयोता विकायची,
आत गूळ भरलेल्या, बशीएवढ्या,
मांडीवर टोपली, काच खाली.
एकोणीस वर्षांचा गूळ, काळा, दगड झालेला.
भिजवला, थांबले, काढला, पुन्हा भिजवला.
मुंग्यांनाही पत्ता लागला नव्हता तिथून निघाला
आणि दोऱ्याचा मूळ रंग दिसला:
पिवळा. मला इतकी वर्षं तपकिरी वाटायचा.

तो खोक्यावर बसून होता, पाठमोरा.
ती जानेवारीत गेली हे त्यानं सांगितलं नाही.
सगळ्या सिग्नलला माहीत होतं.

गादी झाली. चमक नाही, चमक मी देत नाही.
स्वच्छ.
आणि स्वच्छ झाल्यावरच दिसला तो खड्डा.
रेक्झिन काही धरत नाही, पण खालचा फोम धरतो.
खड्डा मधोमध नव्हता,
दाराकडे कललेला.

फाउस्तिनो वाकून बघत राहिला.
"मला वाटायचं, ती माझ्याकडे कलून बसते."
मी म्हटलं, खिडकीतून माल द्यायचा म्हणजे...
"हो. हो ना. गिऱ्हाईक तिकडेच."
आणि हसला, इतका की खोका करकरला.

फोम बदलता येतो. अर्धा तास, तीनशे पेसो.
मी विचारलं. तो बोलला नाही.
दार उघडून उजव्या बाजूला बसला,
त्या खड्ड्यात, जो त्याला अरुंद पडत होता.
कोपर खिडकीबाहेर काढलं
आणि तळहात उताणा ठेवला,
आता कोणी सुटे पैसे देणार असल्यासारखा.

मी फडकी धुतली.
पाणी तपकिरी, गोडसर वासाचं.
झाडाच्या बुंध्याशी ओतलं.

निघताना सांगितलं:
गाडी रोज एकाच तोंडानं लावता तुम्ही,
उजवी बाजू पश्चिमेला.
भेगा त्याच गादीला आहेत, बघा.
अधूनमधून फिरवून लावायची.

"आता सांगतेस?"

विचारलं कधी, मी म्हटलं.