छोट्या फेऱ्या

फेब्रुवारी, थंडर बे, सकाळी उणे सव्वीस.
ऑर्व्हिल पेटिग्रूंची ब्यूक
दिसायच्या आधी दोन गल्ल्यांवरून ऐकू आली.
लिफ्टवर चढवली, टॉर्च मारला :
मधल्या नळीला तळहाताएवढं भोक,
कडा भिजलेल्या बिस्किटासारख्या.

टोपी हातात धरून त्यांनी विचारलं, "कोणती घालशील?"

मी फळीवरून तुकडे काढले.
बाबांनी कापून ठेवलेले, प्रत्येकी वीतभर.
कॅटलॉग बघून कुणाला काही कळत नाही, म्हणायचे,
हातात द्यावं.

हे साधं पोलाद. स्वस्त. वेल्डिंगला लोण्यासारखं.
इथल्या रस्त्यांवरचं मीठ
दोन हिवाळ्यांत फस्त करतं.

हे तेच, वर ॲल्युमिनियमचा मुलामा.
चार वर्षं, नशीब असेल तर सहा.
फक्त मी जिथे जोड देते तिथे मुलामा जळतो
आणि गंजाला ती जागा
न सांगता सापडते.

हे चारशे नऊ. नावाला स्टेनलेस, लोहचुंबक चिकटतो बघा.
वसंतापर्यंत तांबूस पडेल,
तुम्ही भांडायला याल,
मी म्हणेन, वरवरचं आहे ते,
आणि खरंच वरवरचं असेल.

हे तीनशे चार. चुंबक घसरून पडतो.
गाडीला पुरून उरेल.

"आणि मला?"

मी चुंबक खिशात टाकला.
एक्याऐंशीच्या माणसाला लाइफटाइम गॅरंटी
कुठल्या तोंडाने विकायची,
हे बाबांनी शिकवलं नव्हतं.

मग टायटॅनियमचं निघालं. नातवाने सांगितलेलं :
पिसासारखं हलकं, तापलं की निळं होतं.
होतं. अगदी मोरपिशी.
पण ब्यूकच्या पोटाखाली ते बघणार कोण,
मी, आणि हायवेवर मेलेलं एखादं साळिंदर.
ते हसले. खोकले.

बोलता बोलता जुनी नळी मी करवतीने उभी चिरली.
कारण काही नाही, सवय.
बाहेरून ठीक होती. मिठाने नुसतं चाटलेलं.
आत चिखल. तपकिरी, ओला.
मफलर हलवला तर पाणी डुचमळलं.

"रोज किती चालवता?"
"हेझलच्या होमपर्यंत. दोन किलोमीटर.
तिच्या जेवणाला जातो, घरी येतो,
रात्रीच्या जेवणाला परत जातो."
"बाकी कुठे?"
"बाकी कुठे जाणार?"

पेट्रोल जळताना पाणी सुटतं, मी सांगितलं.
त्याची वाफ होऊन बाहेर पडायला
नळी चांगली तापावी लागते, अर्धा तास तरी.
तुम्ही त्याच्या आधीच पोचता.
गाडी बंद, पाणी आत,
दुपारी घोटभर, रात्री घोटभर,
किती वर्षं?
"चार," ते म्हणाले. "ऑक्टोबरात चार झाली."

तीनशे चार घाला, नाहीतर लांब चालवा.

बराच वेळ ते चिरलेल्या नळीकडे बघत होते.
तुकडे एकेक उचलले, ठेवले,
मुलाम्याचा तेवढा हातात राहिला.

"निपिगॉन किती होईल?"
"शंभरेक."
"पुरेल?"
"खडखडीत वाळेल."
"तळ्याच्या कडेकडेने जातो तो रस्ता," ते म्हणाले,
"तिला नाव नाही सांगता येणार आता.
पण खुर्ची घडी होते. डिकीत मावते."
हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं बहुतेक.

दुपारी नळी बसवली. दोन्ही जोडांवर
चंदेरी रंगाचे दोन हात जास्त दिले,
बिलात धरले नाहीत.
खाली मात्र लिहिलं, डॉक्टर लिहितात तसं :
आठवड्यातून एकदा, निदान अर्धा तास, न थांबता.

गाडी सुरू केली तर इतकी हळू
की त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली,
स्टार्टर करकरला, आम्ही दोघं दचकलो.
मागे बर्फावर पाणी ठिबकलं.
मी दार उघडून धरलं.
ते निघाले,
डावीकडे होम, उजवीकडे हायवे,
आणि कोपऱ्यावर इंडिकेटर लावायचं
ते नेहमीप्रमाणे विसरले.