दोन मीटर दहा

टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं खुद्द सुलैयमकडे, ज्यानं वाटेला लोखंडी दार बसवलंय.
"ताण अजून," मी म्हणतो. तो इमानानं ताणतो.
दोन मीटर दहा.
एक गाढव, त्याच्या दोन्ही अंगांना खजुराची पोती
आणि शेजारून सरकणारा एक माणूस.
जनाजा नेला तर खांदेकऱ्यांची कोपरं खरचटतील, इतकीच.

रुस्ताकच्या पलीकडलं हे गाव, डोंगराच्या पोटात.
मातीच्या दोन भिंतींमधून वाट
फलजच्या पाण्यासोबत उतरते;
एका जागी पाणी तिच्याखालून जातं,
एका जागी ती पाण्याखालून.
आमच्या गुहागरात हिला पाखाडी म्हणाले असते,
भिंतीला गडगा,
आणि भांडण हेच.

नगरपालिकेच्या फॉर्मवर चौकट एकच:
सार्वजनिक / खाजगी. नको ते खोडा.

सुलैयम सांगतो, कागद नाही,
पण आजोबा दर वर्षी एक दिवस
काथ्याच्या दोरानं ही वाट बांधायचे.
एक दिवस बंद,
म्हणजे उरलेले सगळे दिवस आमच्या मेहरबानीचे.
मुद्दा पक्का आहे. मी लिहून घेतो.

शम्सा, ऐंशीच्या पुढची, भिंतीला टेकून हसते.
"बांधायचा की म्हातारा!
त्या दिवशी आम्ही पोरी दोराखालून जायचो,
डोक्यावर भरलेली घागर.
थेंब सांडला नाही. हेही लिही."
लिहितो.

मोफज्जल खजुरीवरून उतरतो, कमरेचा पट्टा सोडतो.
एकोणीस वर्षं, रोज दोनदा, ह्याच वाटेनं.
तुझी साक्ष घेऊ?
तो कोयता लुंगीला पुसतो.
"साहेब, मी फक्त चालतो."

रात्री खोलीवर कागद पसरून बसलो.
परवानगीनं कितीही चाललं तरी त्याचा हक्क होत नाही,
हे पुस्तकात वाचायच्या आधीपासून मला ठाऊक आहे.
सव्वीस वर्षं झाली. दर दोन वर्षांनी नवा शिक्का.
ह्या मुलखातले किती रस्ते मी नकाशावर आणले,
एकही माझ्या पायांनी मळलेला नाही.

सकाळी पुन्हा गेलो, एकटाच, टेप न घेता.
दाराच्या आतल्या बाजूला, फांदीला टांगलेला जहला,
मातीचा, घामेजलेला.
त्याच्याखालच्या दगडात
थेंबांनी पाडलेली वाटीएवढी खोली.
सुलैयम तांब्यानं तो भरत होता.

रोज तूच भरतोस?
"मी. आधी बाप. त्याआधी आजोबा."
ते दोरवाले?
"तेच."
कुणासाठी?
"येणाऱ्या-जाणाऱ्यांसा..."
आणि बोलता बोलता
त्यानं स्वतःचंच बोलणं ऐकलं.

तांब्यातलं पाणी संपलं होतं, तरी तो ओतत राहिला थोडा वेळ.
मी वहीत डोकं घातलं नाही.
दगडातल्या वाटीत एक मुंगी पोहत होती, तिच्याकडे दोघे बघत राहिलो.

निघताना त्यानं दार उघडून धरलं.
"तफद्दल."
या, घ्या, बसा, जा, सगळ्याला इथे हा एकच शब्द.
सवयीनं 'शुक्रन' ओठांवर आलं
आणि मी ते गिळलं.
आभार मानले असते तर वाट त्याची झाली असती.
एखाद्या उद्धटासारखा, मान खाली घालून, बाहेर पडलो.
तो काय समजला असेल कोण जाणे.

'खाजगी' खोडलं.
कारणांत लिहिलं: रुंदी, दोर, घागर, दगडातली वाटी.
समासात पेन्सिलीनं 'वहिवाट',
जे ऑफिसात कुणालाच वाचता येणार नाही.
साक्षीदार तिसरा: मोफज्जल.
म्हणणे: फक्त चालतो.