चौथी चकती

महिनाभर पिकअप फुसफुसत होती,
कुकरची रिंग गेल्यासारखी.
सकाळी तीन-तीन सेल्फ,
केबिनमध्ये डिझेलचा वास,
गिऱ्हाईक सुरमई हुंगून खाली ठेवायचं.

दापोलीच्या गॅरेजवाल्यानं कागदावर आकडा लिहिला
आणि कागद पालथा करून सरकवला.
मी चहा प्यायलो, परत आलो.

शुक्रवार. खाडीत होड्या बांधलेल्या.
फणसाखाली बॉनेट उघडलं.
रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं इंजेक्टरांच्या मुळाशी.
पाइपांवर मुलीच्या नेलपॉलिशचे ठिपके,
एक, दोन, तीन, चार:
आदलाबदल नको.

पहिला सरळ आला. दुसरा, तिसरा कुरकुरत.
चौथ्याभोवती काजळी अशी थिजलेली
की फणसाचा चीक परवडला.
पाना निसटला, बोट सोललं,
तोंडून जे गेलं
ते शेजारच्या मिक्सरनं झाकलं.

निघाला. पण जुनी चकती आतच,
भोकाच्या तळाशी, टॉर्चच्या उजेडात,
विहिरीत पडलेल्या कळशीसारखी.
इथे गळ कुठला सोडणार?

रुकय्या पडवीत टोपी विणत होती.
"सरका," म्हणाली.
क्रोशाची सुई आत, एक डोळा मिटलेला,
टाका उचलावा तशी चकती उचलली,
माझ्या तळहातावर ठेवली,
सुई पदराला पुसली
आणि पुन्हा टाके मोजायला बसली.

काडीला फडकं गुंडाळून मी बैठका पुसल्या.
नव्या चकत्या चार आणल्या होत्या.
एक घरंगळली, जांभ्याच्या फटीत गेली,
अजून तिथेच असेल.

मग जुनीच घासली,
गॅसवर चिमट्यात लाल होईस्तोवर धरली,
पाण्यात टाकली. चर्र.
पोलाद असं केलं की कडक होतं,
तांबं मऊ पडतं.
आयटीआयत बुरटेसरांनी सांगितलं होतं,
तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

पाइप आवळले. हातपंप दाबत राहिलो:
फेस, फेस, फेस,
मग नुसतं डिझेल.
दुसऱ्या सेल्फला उठली.
चार ठोके, मध्ये फुस नाही.

शनिवारी हर्णैच्या लिलावाला वेळेत पोचलो.
तरी चढावर कान चौथ्याकडेच असतो.
नव्यांची मला काळजी नाही.

टोपी पुरी झाली. पांढरी,
एका जागी राखाडी टाका.
कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही.
घातली की तो टाका
बरोबर माझ्या कपाळावर येतो.