आडनावाचा रकाना

हिरुतला आडनाव नाही.
तिच्या नावामागं बाप, बापामागं आजा,
त्यामागं थेट डोंगर.

पोर्टलला पटत नाही. लाल चांदणी हटत नाही.
व्हिसा शुक्रवारी संपतोय,
आणि राजारामपुरीतल्या घोटणेकाकू
लाइटबिलाची झेरॉक्स देईनात.
"पोलिसात माझं नाव कशाला?"
"काकू, पोरगी भाडं वेळेत देती न्हवं?"
"देती की. माझं बीपी वाढलं तवा
रिक्षा हिनंच आणली."
मग कुकरची शिट्टी. मग, "पाठवा तिला."

आजाचं नाव मी आडनावाच्या रकान्यात सरकवलं.
चांदणी विझली.

एसपी ऑफिसबाहेर चहा घेताना तिनं विचारलं,
तुमचं आडनाव कुणाचं?
गावाचं, म्हणालो.
कुठाय गाव?
काळम्मावाडीच्या पाण्याखाली.

तिनं बिस्किट मोडलं,
अर्धं माझ्या बशीत ठेवलं.