मंगळवारपासून

आई पांघरूण खुडते आहे.
अंगठा, तर्जनी, हलकासा पीळ, की झालं.
कोवळं तेवढं घ्यायचं, जून पान सोडून द्यायचं,
हे तिच्या बोटांनी तीस वर्षं केलंय
ओझुर्गेतीच्या चहामळ्यात,
आणि बोटांना कुणी सांगितलेलं नाही
की हे इस्पितळ आहे, खाट क्रमांक नऊ.

"पोतं भरलं नाही," ती कुजबुजते. "वालिको बघतोय वरून."
वर दिवा आहे.
मुकादम वालिकोला जाऊन वीस वर्षं झाली.

पहिल्या रात्री मी वाद घातला.
मळे गेले, आई. तिथं नेचे माजलेत, काटेरी जाळ्या.
कारखान्याचं छप्परसुद्धा भंगारात गेलं.
ऐकून ती रडली,
जणू हे सगळं त्या रात्रीच घडलं.

डॉक्टर नेस्तान, बारीक चणीची, डोळ्यांखाली जागरण.
"कधीपासून?"
चार वर्षं, मी म्हटलं. आधी शेगडीवरचं विसरली, मग रस्ता, मग मला.
"ते नाही. हे. खुडणं."
मी बोटांवर दिवस मोजले.
मंगळवारपासून.
"मग हे ते नव्हे.
ते पावलापावलानं येतं आणि राहतं.
हे धाडकन आलंय. लघवीत जंतू आहेत, अंगात पाणी नाही.
ह्याला औषध आहे.
त्याला," तिनं पेनाला टोपण लावलं, "त्याला तुम्ही आहात.
तिचा चष्मा घेऊन या. कानातलं यंत्रही. आणि वाद घालू नका."

मी दोन्हींना एकच म्हणत होते:
म्हातारपण.

तिसऱ्या रात्री मी ओंजळ धरली.
तिनं खुडलेलं सगळं त्यात टाकलं.
मी तोललं. अठ्ठावीस किलो, म्हटलं.
वालिकोनं वहीत लिहून घेतलं असावं,
कारण पहाटे तीनला ती निजली.

शनिवारी बोटं थांबली.
चष्म्यातून तिनं खिडकीतले डोंगर पाहिले,
मग माझ्याकडे वळून, पूर्ण शुद्धीत, अदबीनं विचारलं:
"तू कुणाची गं, पोरी?"

हाच प्रश्न. गेल्या सोमवारचा, त्याआधीच्या सोमवारचा.
ह्याच्यापायी मी कितीदा
न्हाणीघरात नळ सोडून रडले आहे.
आज धावत सुटले व्हरांड्यातून,
नेस्तान, परत आली, आई परत आली,
मला ओळखत नाही!

मग खाटेशी बसून नाव सांगितलं. मक्वाला.
"छान आहे," ती म्हणाली.
"कुणी ठेवलं?"