वॉर्ड नंबर तीन, शिलाई मशीन

तासगावहून मोजणी संपवून परतताना
जीपमध्ये कुणी बोललं नाही.
एकोणीस मतं.
ड्रायव्हरनं गाणं लावलं, मग आपणच बंद केलं.

रात्री नऊला तुझा मेसेज आला, विजयमाला:
'हार-जीत चालायचीच. मनाला लावून घेऊ नका.'
खाली जोडलेले हात, दोनदा.
'नका' म्हणालीस.
शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून
तू मला अगं म्हणतेस.
एकोणीस मतांत मी अहो झाले.

तुमच्या पोरांनी तर दुपारीच लिहिलं होतं:
'मशीन बंद पडलं. दोरा संपला.'
त्याच्याखाली हसणारी तोंडं, चाळीस-पन्नास,
त्यात माझ्या चुलतदिराचंही एक.

मी उत्तर लिहायला घेतलं.

पहिलं लिहिलं ते पाकिटांचं.
आदल्या रात्री लाईट गेली का घालवली,
कुठली मोटरसायकल कुठल्या बोळात थांबली,
कुणाच्या पाकिटात पाचशे, कुणाच्यात हजार,
आणि झांबऱ्यांच्या म्हातारीला नुसती साडी,
तीही पाचवारी. ती जन्मभर नऊवारी नेसलेली.
नावं घालून सगळं लिहिलं.
वाचलं.
पुसलं.
आमच्या पॅनेलच्या मटणाचं बिल
अजून माझ्याच नावावर आहे.

दुसरं लिहिलं, नुसतं 'अभिनंदन.'
एकटाच शब्द. एवढ्या मोठ्या पांढऱ्यावर
शर्टाला राहिलेल्या शेवटच्या बटणासारखा दिसला.
तोही पुसला.

तिसरं सुचेपर्यंत
तुमची मिरवणूक आमच्या बोळात आली.
कवठे एकंदची दारू, मिरजेचा डीजे,
भांड्यांच्या फळीवर पेले थरथरले.
गुलाल दाराच्या फटीतून आत आला
आणि मशीनवर पसरलेल्या
मोरपंखी कापडावर बसला.
तुझ्याच कापडावर.

अर्ज भरायच्या आधी टाकून गेली होतीस.
'गडबड नाही गं' म्हणाली होतीस. तेव्हा गं होतं.
माझ्या वहीत तुझं पान आहे.
छाती अडतीस, बाही साडेनऊ,
कंबर एकदा खोडून पुन्हा लिहिलेली,
पिशवीचं ऑपरेशन झालं त्या साली.
पडद्यामागं तू रडत होतीस
आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या,
म्हणून मी काही बोलले नाही.
नंतर कधी विषय निघाला नाही.

या वॉर्डातल्या तीनशे बायकांची मापं माझ्याकडं आहेत.
कोण श्वास आत ओढून माप देते,
कोण कापड उरलं का विचारते, सगळं ठाऊक.
मला वाटलं, एवढं ठाऊक असलं की
मतदारयादी निराळी वाचावी लागत नाही.
तिथं माझी कात्री वाकडी गेली.

गुलाल झटकला. थोडा राहिला, काखेशी.
तेवढा शिवणीत जाईल.

साडेअकराला लिहिलं:

'विजे,
ब्लाउज शनिवारी मिळेल.
सत्कारात हार काढायला हात वर करावे लागतील,
बाहीत पाव इंच जास्त सोडते.
शिलाई दोनशे. या खेपेला ओळखीचा भाव नाही,
मटणवाला दारात बसलाय.
तालमीमागची गटार आता तुझी.
पावसाच्या आत झाली नाही तर
ग्रामसभेत पहिली मी उठणार,
आणि तिथं तुला अहोच म्हणणार.
पोरांना सांग, चुलतदिरालाही,
मशीन चालू आहे.'

पाठवलं. पुसायच्या आत पाठवलं.

दोन निळ्या खुणा आल्या.
तू लिहितेयस असं दिसलं.
थांबलं.
पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं.
डीजे एव्हाना वेशीपलीकडं गेला होता.

तू काय पुसतेयस ते कळेना.
मी दिवा जवळ ओढला,
दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं.
तिसऱ्या खेपेला ओवला गेला.